अंगठा सिरसाळ्यात, दाद बीडला

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
बीड

महोदय,


मी परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान चालवतो. आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर माणसाची ओळख मागणाऱ्या जागांना तोटा नाही. रेशन दुकानात अंगठा, बँकमित्राकडे अंगठा, सिमकार्ड घेताना अंगठा. शाळेत, पतसंस्थेत, बचत गटात, फायनान्सवाल्याकडे आणि मुकादमाकडे आधारची झेरॉक्स. पण हीच कागदपत्रे वापरून दुसऱ्याच कुणी त्या माणसाच्या नावावर कर्ज उचलले, विमा भरला, सिम घेतले किंवा खाते उघडले, तर त्याने कुणाकडे जायचे? हे सांगणारी एकही जागा सिरसाळ्यात नाही. म्हणून लोक माझ्याकडे येतात. मला कायद्याने कसलाही अधिकार नाही. माझ्याकडे आहे ते एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. सरकारी यंत्रणेने द्यायची माहिती झेरॉक्सच्या दुकानात शोधावी लागते, याचा मला राग आहे आणि त्या रागापोटीच हे पत्र लिहितो आहे.

आपल्यालाच का लिहितो, तेही सांगतो. जिल्ह्यातल्या बँकांची जी जिल्हास्तरीय सल्लागार समिती बसते, तिचे अध्यक्ष आपण. आधार केंद्रांवर देखरेख करणारी जिल्हा समिती आपल्या अध्यक्षतेखाली. पीकविम्याच्या तक्रारींची जिल्हास्तरीय समितीही आपलीच. आपले सरकार सेवा केंद्रांना मंजुरी मिळते ती आपल्या कार्यालयातून. पोलीस अधीक्षकांशी आपले रोजचे बोलणे असते. ओळखीची चोरी झालेल्या माणसाला ज्या ज्या दारात उभे राहावे लागते, ती सगळी दारे एका टेबलाभोवती बोलावू शकेल असा अधिकारी जिल्ह्यात एकच आहे.

आता प्रत्यक्ष काय होते ते पाहावे. ऊसतोडीला गेलेली एक बाई पाडव्यानंतर गावी परतली, तर दाराच्या फटीत एक लिफाफा सरकवलेला. लोकअदालतीची नोटीस होती. तिच्या नावावर कर्ज थकले आहे, तडजोडीसाठी अमुक तारखेला हजर राहावे, असा मजकूर. तारीख केव्हाच उलटून गेली होती, कारण त्या दिवशी ती कर्नाटकात उसाच्या फडात होती. नोटीस घेऊन ती दुकानात आली. तिला घेऊन मी कर्ज देणाऱ्या शाखेत गेलो. बऱ्याच विनवण्यांनंतर साहेबांनी कर्जाचा अर्ज कॉम्प्युटरवर लांबून दाखवला. खाली सही होती, चांगली वळणदार मराठी सही. बाई म्हणाली, "साहेब, मला सही येतच न्हाई. म्या अंगठा लावते." अर्जावरचा मोबाइल नंबर तिच्या घरात कुणाचाच नव्हता. फोटो मात्र तिचाच होता, आधार कार्डावरचा, झेरॉक्सवरून पुन्हा झेरॉक्स काढून काळवंडलेला.

एवढे समोर असूनही शाखेतून उत्तर मिळाले, "पोलिसांत जा, एफआयआरची प्रत आणा." पोलीस ठाण्यात सांगितले, "बँकेचे पत्र आणा, की हे कर्ज बोगस आहे." बँक म्हणाली, "असे पत्र आम्ही देत नसतो. पाचशेच्या बाँडवर प्रतिज्ञापत्र करून द्या, वर पाठवतो." वर म्हणजे कुठे, किती दिवसांत आणि उत्तर आले नाही तर काय, याला कुणाकडेच उत्तर नव्हते. शंभराचा बाँड ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. ज्या बाईने कर्जाचा एक रुपया पाहिला नाही, तिने ते कर्ज आपले नाही हे सांगण्यासाठी दीड-दोन दिवसांची मजुरी मोजायची. मला सर्वांत जास्त टोचले ते मात्र पैशांचे नव्हते. प्रत्येक टेबलावर तिच्याकडे पाहण्याची नजर एकच होती, की हिने पैसे खाल्ले आणि आता नाही म्हणते आहे.

महोदय, हा एका बाईच्या नशिबाचा प्रश्न असता तर मी जाहीर पत्र लिहिले नसते. आपल्याला लागून असलेल्या गंगाखेड तालुक्यात काय झाले ते मराठवाड्याला ठाऊक आहे. ऊस तोडणी आणि वाहतुकीच्या योजनेखाली शेतकऱ्यांच्या नावे बँकांतून कर्जे उचलली गेली, आणि आपण कर्जदार आहोत हे अनेक शेतकऱ्यांना कळले ते बँकांच्या नोटिसा हातात पडल्यावर. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. जुलै २०१७ मध्ये गंगाखेड शुगर अँड एनर्जी या कारखान्याशी संबंधितांवर गुन्हा दाखल झाला, तपास सीआयडीकडे गेला, आणि डिसेंबर २०२० मध्ये ईडीने सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. कोण दोषी हे न्यायालयाने ठरवायचे आहे, त्यावर मी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते त्या शेतकऱ्यांबद्दल. त्यांनी कारखान्याला ऊस घालण्यासाठी कागद दिले होते. सातबारा, आधार, फोटो, सही. त्या कागदांचे पुढे काय झाले, हे त्यांना सांगायला कुठलीच बँक त्यांच्या दारी आली नाही. नोटीस द्यायला मात्र आली.

पुढे पीकविम्यात तेच. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा सुरू झाला. शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपया, बाकी सरकारचा, आणि प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये. जितके अर्ज जास्त, तितके चाळीस जास्त. दुसऱ्याच्या शेतावर, गायरानावर, देवस्थानाच्या जमिनीवर विमे उतरवले गेले. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी हा विषय विधानसभेत मांडला, तेव्हा बीड आणि परळी ही नावे राज्यभर गाजली. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली, शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी सक्तीची झाली, बोगस अर्ज करणाऱ्याला पाच वर्षे काळ्या यादीत टाकण्याची तरतूद आली. हे सगळे सरकारची तिजोरी वाचवण्यासाठी झाले, आणि ते गरजेचेच होते. पण ज्याच्या गटावर दुसऱ्याने विमा भरला, त्या शेतकऱ्याला आजवर कुणी कळवले आहे का, की बाबा रे, तुझा गट नंबर वापरला गेला होता? माझ्या माहितीतल्या एकालाही असे पत्र आलेले नाही. स्वतःचा अर्ज भरायला बसल्यावर "या गटावर आधीच विमा भरलेला आहे" असे दिसले, तेव्हाच त्यांना समजले. आणि तेव्हा घोटाळेबाज कोण, तर समोर बसलेला शेतकरीच, असे वातावरण होते. गावातला माणूस त्या काळात "मी सिरसाळ्याचा" असे सांगायलाही कचरत होता.

लाडकी बहीण योजनेतही पाहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये खारघरच्या एका महिलेचा अर्ज भरला जाईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच कुणी अर्ज केला होता. धागा निघाला थेट सातारा जिल्ह्यात, एका जोडप्याने वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर तीसच्या आसपास अर्ज केल्याचे उघड झाले. जुलै २०२५ मध्ये समोर आले की १४,२९८ पुरुषांच्या नावांवर या योजनेचे पैसे गेले. त्यातले किती जण स्वतः लबाड आणि किती जणांचे कागद दुसऱ्याने वापरले, हा फरक कुणी केला का? वसुलीची भाषा झाली की दोघेही एकाच यादीत येतात.

पोलिसांबद्दल लिहिताना मला जबाबदारीने लिहायचे आहे, कारण सिरसाळ्याला स्वतःचे ठाणे आहे आणि तिथल्या माणसांवर कामाचा किती बोजा असतो ते आम्ही पाहतो. अडचण माणसांइतकीच रचनेची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीचे अन्य चिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. हा गुन्हा दखलपात्र आहे. पण याच कायद्याचे कलम ७८ सांगते की तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. ग्रामीण भागातल्या कित्येक ठाण्यांचा कारभार सहायक पोलीस निरीक्षकाकडे असतो. मग ठाणे अंमलदार सांगतो, "बीडला सायबरला जा." तपास तिथे व्हावा, याला कुणाची हरकत नाही. पण फिर्याद लिहून घेण्यापासून कलम ७८ अडवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची आहे आणि फिर्यादीला प्रत फुकट द्यायची आहे. तरीही लोकांच्या हातात पडतो तो तक्रारी अर्जावरचा आवक शिक्का. त्या शिक्क्याला बँक विचारत नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक सगळीकडे चिकटवलेला आहे आणि त्याचे मोल मी जाणतो. खात्यातून पैसे गेले की ताबडतोब १९३० ला फोन करा, हे मी स्वतः येईल त्याला सांगतो, कारण वेळेत कळवले तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. पण त्या फोनवर विचारतात, पैसे कुठल्या खात्यातून गेले, केव्हा गेले, व्यवहार क्रमांक काय. ज्याच्या खात्यातून काही गेलेच नाही, उलट ज्याच्या डोक्यावर न घेतलेले कर्ज येऊन बसले, तो काय सांगणार? त्याची चोरी सहा महिन्यांपूर्वी, वर्षापूर्वी झालेली असते. त्याच्यासाठी सायबर तक्रारीच्या पोर्टलवर वेगळा रकाना आहे, वेगळा फॉर्म आहे, आणि तो भरायला ईमेल, मोबाइल, अपलोड करायची कागदपत्रे हे सगळे लागते. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या माणसांच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा, पुतण्याचा, नाहीतर केव्हाच बंद पडलेला असतो.

बँकांविषयी मात्र मी थोडे कडक लिहिणार आहे. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. ग्राहकाच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला, त्यात बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसून तिसऱ्याच कुणी लबाडी केली, आणि ग्राहकाने बँकेकडून समजल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात परत दाखवायची आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापून दुकानात लावले आहे. ते वाचून एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "हे खरंच सरकारचं हाय का तू लिव्हलंस?" बँकमित्राकडे अंगठ्यावर पैसे काढताना ना ओटीपी लागतो, ना पासबुक. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा पुरतो. ही सोय म्हाताऱ्या माणसांसाठी मोठी आहे, ती बंद करा असे मी म्हणणार नाही. पण पावती न देता "सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा लावा" म्हणत दोन-दोनदा अंगठा घेतला जातो, तेव्हा त्या माणसाच्या बाजूने उभे राहणारे परिपत्रक शाखेत का लावलेले नसते?

कर्जाच्या बाबतीत तर एकच प्रश्न विचारला तरी सगळे उघडे पडते. कर्ज मंजूर झाले, मग पैसे कुणाच्या खात्यात गेले? आजकाल पोत्यात भरून रोकड कुणी देत नाही. प्रत्येक कर्जाची रक्कम कुठल्या ना कुठल्या खात्यात जमा होते, ते खाते कुणाच्या तरी नावावर असते, त्यातून पैसे कुणीतरी काढलेले असतात. हा धागा बँकेच्या हातात असतो, बाईच्या नसतो. तरी पुरावा आणायला सांगतात बाईला. माझी पहिली आणि सगळ्यांत आग्रहाची मागणी हीच आहे. "हे कर्ज माझे नाही" असे लेखी कळवणाऱ्याला शाखेने अर्जाची, फोटोची, जोडलेल्या ओळखपत्राची आणि रक्कम जमा झालेल्या खात्याच्या तपशिलाची प्रत पोचपावतीसह द्यावी, अथवा तो तपशील त्याच्यासमोर पोलिसांना द्यावा. तोवर वसुलीवाल्यांनी त्याच्या दारात जाऊ नये. सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत अग्रणी बँक व्यवस्थापकांमार्फत हे प्रत्येक शाखेला आणि जिल्ह्यात काम करणाऱ्या प्रत्येक फायनान्स कंपनीला लेखी कळवावे.

सिबिलचे नाव आता बांधावरही पोहोचले आहे. "सिबिल खराब आहे" एवढे सांगून शेतकऱ्याला पीककर्जावाचून परत पाठवतात. पण आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट पाहता येतो, सिबिलसह एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चारही कंपन्यांकडून पाहता येतो, त्यात चुकीची नोंद असेल तर हरकत घेता येते, हे त्याला कुणी सांगत नाही. हरकत घेतल्यावर तीस दिवसांत निकाल लागला नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी इंटरनेटच लागते असेही नाही, साध्या कागदावर लिहून चंदीगडच्या कार्यालयाला टपालाने पाठवता येते, आणि १४४४८ वर फोन करून विचारता येते. यातले एक अक्षरही मला कुठल्या शाखेच्या भिंतीवर मराठीत दिसलेले नाही. अहवालाचे संकेतस्थळ इंग्रजी, ओळख पटवायचे प्रश्न इंग्रजी. ज्याच्या नावावर कर्ज टाकताना पॅन लागला नाही, त्याला ते काढून टाकताना पॅन आणि ईमेल विचारतात.

आधारविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. गरिबाला ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू होता आणि अनेकांना ती मिळाली, हे मी नाकारत नाही. आता त्या ओळखीचे रक्षण कसे करायचे, हेही त्याच गरिबाला त्याच्या भाषेत सांगायला हवे. अंगठ्याचा ठसा लॉक करता येतो. आपले आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे वापरले गेले, ते पाहता येते. आधारच्या १९४७ या क्रमांकावर मराठीत विचारता येते. पण शहरातले जाणकार जो सल्ला देतात, "ठसा लॉक करून टाका", तो आमच्याकडे जसाच्या तसा चालत नाही. ठसा लॉक केला की रेशन दुकानातल्या मशीनवर स्वतःचाही अंगठा उमटत नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब एक देश एक रेशनकार्डाच्या सोयीने तिकडच्या दुकानातून धान्य उचलते, तेही अंगठ्यावरच. दर वेळी लॉक उघडायचे तर आधारला जोडलेला चालू मोबाइल हाताशी हवा. म्हणजे आधी नंबर दुरुस्त करणे, मग लॉक शिकवणे, या क्रमानेच जावे लागेल. हा क्रम एखाद्या पोस्टरने समजत नाही. आधार केंद्रावर बसलेल्या माणसाने पाच मिनिटे देऊन समजावायला हवे.

ठशांची नक्कल होते का, असे कुणी विचारले तर तेलंगणाकडे पाहावे. २०१८ साली तिथे जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठे घेऊन रबरी ठसे बनवले गेले आणि त्यांवर सिमकार्डे चालू केली गेली. आपल्याकडचे दस्त, खरेदीखते, बाँड यांच्यावरही अंगठेच आहेत.

आणि झेरॉक्स. माझ्या धंद्याचाच विषय, म्हणून ठासून लिहितो. लोक आधारचा फोटो दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲपला पाठवतात, तो कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये उतरतो, प्रिंट निघते, माणूस जातो, फाइल तिथेच राहते. अशी किती दुकाने, किती कॉम्प्युटर! माझ्याकडे गिऱ्हाइकासमोर फाइल पुसण्याची आणि बिघडलेली प्रत फाडून त्याच्याच हातात देण्याची पद्धत आहे. सगळीकडे ती नाही, आणि तसे करा असे सांगणारा एकही कागद आजवर कुणा दुकानदाराला आलेला नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितले होते की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत ते निवेदन मागे घेतले गेले. लोक गोंधळले ते गोंधळलेच. मास्क्ड आधार आजही वैध आहे, मी ते काढून देतो, आणि तेच गिऱ्हाईक तासाभराने परत येते, कारण कार्यालयातल्या बाबूने "पूर्ण नंबरवाले आणा" म्हणून हाकलले. आपल्या अखत्यारीतल्या तहसीलपासून तलाठ्यापर्यंत सगळ्या कार्यालयांना एक परिपत्रक काढून सांगा, की जिथे क्रमांकाची गरज नाही तिथे मास्क्ड आधार स्वीकारावे, आणि घेतलेल्या प्रतीवर ती कशासाठी घेतली ते लिहून तारीख टाकावी. याला एक पैसा खर्च नाही.

ऊसतोडीच्या मुकादमाकडच्या कागदांचे काय करायचे, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना आधार, फोटो, कोरा धनादेश, कोऱ्या बाँडवर अंगठा घेतला जातो. सगळे मुकादम वाईट नाहीत, उचल घेऊन कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, पळून गेले की तेही बुडतात, हे मी पाहिले आहे. तरीही कोऱ्या बाँडवरचा अंगठा म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती देण्यासारखे आहे, आणि ते थांबले पाहिजे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवक कामगारांची नोंद करून ओळखपत्र देतात. त्याच वेळी त्यांनी कामगाराला एक पान द्यावे. कुठले कागद कुणाला दिले याची नोंद त्यावर करता यावी, आणि मागे मदतीचे क्रमांक मराठीत असावेत.

अमेरिकेत ओळखचोरी झालेल्या माणसासाठी तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाचे एकच संकेतस्थळ आहे. काय घडले ते एकदा सांगायचे, मग बँकेला कोणते पत्र, पोलिसांना कोणते, पतनोंद कंपन्यांना कोणते, ते तयार होऊन मिळते, आणि पुढची पायरीही सांगितली जाते. मी आपल्याकडे संकेतस्थळ मागत नाही. संकेतस्थळे पुष्कळ आहेत. मी एक टेबल मागतो आहे. सिरसाळ्यात, ग्रामपंचायतीत किंवा आधार केंद्राशेजारी, आठवडी बाजाराच्या दिवशी एक प्रशिक्षित माणूस बसावा. त्याने तक्रार एकदाच लिहून घ्यावी आणि तिच्या प्रती पोलीस ठाणे, बँक आणि अग्रणी बँक व्यवस्थापक यांना आपल्या कार्यालयामार्फत जाव्यात. माणसाच्या हातात तारीख आणि क्रमांक असलेली पोच यावी. प्रतिज्ञापत्र लागलेच तर त्याचा एकच छापील मराठी नमुना असावा. परळीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना वकील फुकट मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर सल्लाही मिळतो. त्या समितीचा एक प्रतिनिधी महिन्यातून एकदा या टेबलाशी बसला, तर कितीतरी लोकअदालतीच्या नोटिसांना वेळेत उत्तर जाईल.

वेळेचाही विचार व्हावा. आमच्याकडची माणसे दसरा-दिवाळीला गाव सोडतात आणि पाडव्यापासून मेपर्यंत परत येतात. जनजागृतीचे कार्यक्रम होतात ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा ऐकायला गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरलेली असतात. म्हणून मोबाइल नंबर दुरुस्तीचे शिबिर दसऱ्याआधी घ्यावे आणि १ मेच्या ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर ठेवावा. नावावर कुठले सिम आहे ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासणे, पतनोंद अहवाल काढणे, गट नंबरावरचा विमा पाहणे, ही तिन्ही कामे ग्रामसभेच्या दिवशी एकाच मांडवात होतील. ज्यांच्या गटावर मागच्या हंगामांत बोगस विमा उतरवला गेला, त्यांची यादी कृषी विभागाकडे असणारच. त्या प्रत्येकाला "तुमचा यात दोष आढळलेला नाही" असे लेखी पत्र मिळावे, ही माझी स्वतंत्र विनंती आहे. त्या पत्राने कुणाला पैसा मिळणार नाही, पण बँकेच्या दारात तो ताठ मानेने उभा राहील.

पोलीस अधीक्षकांना मी वेगळे लिहितो आहेच. तरी आपणही त्यांना सांगावे, की ६६-सी सारख्या गुन्ह्याची फिर्याद जिथल्या तिथे नोंदवावी आणि कागद बीडच्या सायबर ठाण्याला पोलिसांनीच पाठवावेत, फिर्यादीने नव्हे.

उत्तर मराठीत आणि लेखी मिळावे, एवढीच अपेक्षा. मदतीच्या क्रमांकांचे आणि नियमांचे पान आपल्या कार्यालयाने तपासून शिक्क्यानिशी पाठवले, तर सिरसाळा आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांसाठी लागतील तेवढ्या प्रती मी माझ्या खर्चाने काढून वाटीन. मजकुराचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात चूक असल्यास दुरुस्त करून द्यावा.



आपला नम्र,
एक झेरॉक्स दुकानदार
सिरसाळा, ता. परळी वैजनाथ, जि. बीड